टोचनाचा हूक कंपनीचा, मडफ्लॅप बाजारातला

पिकअपमागे ट्रॉली नाहीतर पाण्याचा टँकर ओढायचा असेल, तर सगळंच सामान शोरूममधून घेऊन खिसा रिकामा करायची गरज नाही. फक्त हूक आणि वायरिंग यांत काटकसर नको.

माझा पहिला हूक वेल्डिंगवाल्याने मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातल्या आडव्या पट्टीला, डाग मारून बसवला होता. मांजरसुंब्याच्या घाटात कटकट आवाज यायला लागला. उतरून बघतो तर वेल्डिंगशेजारी केसाएवढी चीर! तेव्हापासून चेसिसच्या (त्या सांगाड्याच्या) मूळ भोकांत नट-बोल्टने बसणाराच हूक घेतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा बघायचा. आणि हूक तीन टनांचा असला, तरी गाडीच्या पुस्तकात दीड लिहिलं असेल तर दीडच धरायचं. सोबत साखळी हवीच, हूक सुटला तर तीच ट्रॉली धरते.

ट्रॉलीच्या दिव्यांसाठी मागच्या लाइटची वायर सोलू नका. लोड वाढून फ्यूज उडतो, शिवाय वायर कापलेली दिसली की वॉरंटीच्या नावानं शंख. रिलेसकट (विजेवर चालणाऱ्या स्विचसकट) तयार हार्नेस, म्हणजे वायरांचा जोडलेला संच, घ्या. जुनी ट्रॉली घेताना बल्बही बघा, मोठ्या ट्रकचे २४ व्होल्टचे असतात, पिकअपला १२ चे लागतात.

मडफ्लॅप, सीट कव्हर, टूलबॉक्स खुशाल बाजारातून आणा, घासाघीस करून. बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी गार्ड, मात्र कुठलाच नको, त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे.