डर्ट बाइकला कडक स्प्रिंगा टाकायच्या आधी क्लच वायर बघा

डर्टमध्ये (मातीच्या, दगडी वाटांवर गाडी चालवण्यात) नवीन आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, क्लचला कडक स्प्रिंगा कुठल्या टाकू. गाडी बहुतेक वेळा हिरोची एक्सपल्स २०० असते, आणि कोणीतरी डोक्यात भरवलेलं असतं की स्टॉक (कंपनीचा मूळ) क्लच डर्टला टिकत नाही. माझं मत विचाराल तर आधी वायर, मग ऑइल, मग प्लेटा आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. दुकानात हा क्रम उलटा ऐकायला मिळतो, कारण 'रेसिंग' छापलेलं पाकीट पटकन खपतं.

क्लचचं काम साधं आहे. ऑइलमध्ये प्लेटांची चळत असते, स्प्रिंगा ती दाबून धरतात, आपण लिव्हर ओढला की वायर त्या स्प्रिंगांच्या विरुद्ध जोर लावून प्लेटा मोकळ्या करते. म्हणजे स्प्रिंग जेवढी कडक तेवढा लोड वायरवर आणि आपल्या बोटांवर. चिखलात किंवा दगडी चढावर सतत हाफ क्लचवर (लिव्हर अर्धवट ओढून) राहावं लागतं, तेही दोनच बोटांनी, तिथं कडक स्प्रिंग असेल तर थोड्याच वेळात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो आणि मग हँडल नीट धरणंच होत नाही.

क्लच खरंच स्लिप होतोय का ते आधी बघा. मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर असताना एकदम थ्रॉटल पिळा, इंजिन ओरडलं पण गाडी पळाली नाही तर स्लिप आहे. आता लगेच स्प्रिंगवर आळ घेऊ नका, लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले मोजा, म्हणजे वायर ताण धरेपर्यंत लिव्हर मोकळा किती हलतो ते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मॅन्युअलमध्ये १० ते २० मिमी दिलेला असतो. इथं एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही: प्लेटा झिजल्या की फ्री प्ले कमी होतो आणि वायर ताणली गेली की वाढतो. म्हणजे काही न करता लिव्हर आपोआप टाइट होत गेला असेल तर प्लेटांकडे बघा, ढिला होत गेला असेल तर वायरकडे. ट्रॅकवर क्लच तापला की प्लेटा फुगून फ्री प्ले तात्पुरता वाढतो, लोक तिथंच वायरचा ताण बदलणारा अ‍ॅडजस्टर फिरवून टाइट करतात आणि गाडी थंड झाल्यावर परत सोडायचं विसरतात, मग दुसऱ्या दिवशी फ्री प्ले शून्य, क्लच अर्धवट दाबलेला, आणि नाव मात्र स्प्रिंगचं खराब.

ऑइलचं थोडक्यात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं पाहिजे, कारचं ऑइल टाकलंत तर नवीन स्प्रिंगासुद्धा काही करू शकणार नाहीत.

वायरकडे या. लिव्हरजवळचं रबर मागे सरकवा, लिव्हर हळू ओढा आणि निप्पल (वायरच्या टोकाचा धातूचा गोळा) आपल्या जागेत फिरतंय का ते बघा. फिरत नसेल तर प्रत्येक दाबाला वायर त्याच ठिकाणी वाकते आणि तिथंच तुटते. बोट फिरवल्यावर एखादी तार टोचली तर त्या वायरवर ट्रेलला जाऊ नका. निप्पलला ग्रीस हवं, पण आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी असलेल्या केबलमध्ये जाड ग्रीस भरू नये, धूळ धरून त्याचा लगदा होतो. साध्या आउटरला (वायरच्या बाहेरच्या आवरणाला) प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा रबरबँडने बांधून त्यात पातळ ऑइल ओतायचं आणि वायर उभी टांगून ठेवायची, खालून ऑइल ठिबकायला लागलं की झालं. पहिल्यांदा काळंकुट्ट येतं, स्वच्छ येईपर्यंत थांबा.

हँडलला रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावले असतील तर स्टॉक वायर अपुरी पडू शकते. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून फ्री प्ले बघा, कुठल्याही बाजूला कमी झाला तर वायर लांब हवी किंवा मार्ग बदलायला हवा. घेताना जुनी वायर सोबत न्या (पुण्यात असाल तर नाना पेठेत), इनर आणि आउटर दोन्हीची लांबी ताडून घ्या, आउटर हातात वाकवून बघा. स्वस्त आउटर लोडखाली दबतं, त्यावर कडक स्प्रिंग लावली तर लिव्हरचा प्रवास आउटर दबण्यातच जातो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल सापडत नाही. लांबच्या राइडला जुन्या वायरच्या शेजारून स्पेअर वायर टाकून टाय मारून ठेवतात, तुटली की फक्त दोन टोकं जोडायची.

एवढं करूनही स्लिप असेल तर कव्हर उघडा. स्टील प्लेटा निळ्या पडल्यात, फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचं अस्तर असलेल्या) जळक्या वासाच्या, तर प्लेटा बदला. स्प्रिंग व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या लिमिटशी ताडा, एक जरी कमी भरली तरी पूर्ण सेट नवीन घ्या, तोही कंपनीचाच. कडक सेट फक्त इंजिनाची ताकद वाढवलेली असेल तर. मधला मार्गही आहे, सहा स्प्रिंगांच्या क्लचमध्ये एकाआड एक तीन कडक आणि तीन स्टॉक, पण दाब समान पडला पाहिजे. केटीएमच्या मोठ्या एन्ड्युरो गाड्यांना हायड्रॉलिक (वायरऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच असतो, तिथं वायरचा विषयच नाही.

बसवताना नवीन फ्रिक्शन प्लेटा आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवा, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा आणि टॉर्क रेंच वापरा. ते ६ मिमीचे असतील तर साधारण १० न्यूटन मीटर पुरतं, जास्त जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमची चूडी (आटे) जाते आणि मग क्लचचा अख्खा सेंटर बदलावा लागतो.