दंडाची पट्टी कशी लावावी? मूल कुपोषित आहे का, हे ओळखण्यासाठी

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा, कडेगावकडच्या फडांवर उतरतात. कोपीतल्या (तोडकऱ्यांच्या झोपडीतल्या) लेकराचं वय विचारलं, तर "मागल्या आखाडात झालाय" असं उत्तर मिळतं. मग वयानुसार वजनाचा तक्ता घेऊन काय करणार? दंडाचा घेर मोजणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांच्या पट्टीला नेमकं वय लागत नाही. मूल सहा महिन्यांच्या पुढचं आणि पाच वर्षांच्या आतलं असलं की झालं. पट्टी अंगणवाडी सेविकेकडे असते.

मुलाला आईच्या मांडीवर बसवा. डावा हात घ्या. बाही पूर्ण वर सारा, दंडात गंडा-ताईत असेल तर सोडा. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजा आणि बरोबर मध्यावर पेनाने खूण करा.

आता हात सरळ करून सैल खाली सोडायचा. घाईत नेमकं हेच राहून जातं आणि वाकवलेल्या हातावरच पट्टी चढते. पट्टी खुणेवर कातडीला टेकलेली हवी. कातडीला घडी पडली तर आवळली आहे, फट दिसली तर सैल आहे. मूल हात ताठ करून रडत असेल तर थांबा. दोनदा मोजा, कारण दोन-तीन मिलिमीटरने रंग बदलतो.

१२.५ सेंमी किंवा जास्त म्हणजे हिरवा. ११.५ ते १२.५ च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित (मॅम). ११.५ पेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषित (सॅम).

पट्टी काढली तरी पाय बघितल्याशिवाय उठू नका. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर घेर कितीही असो, मूल सॅममध्येच धरायचं. अशा मुलाचं वजन अंगातल्या पाण्यामुळे बरं दिसतं आणि घरचे सुजेलाच बाळसं समजून बसतात.

हिरवा रंग आला म्हणून निर्धास्त होऊ नये. काही मुलांचा दंड ठीक असतो, पण उंचीच्या मानाने वजन कमी भरतं. खुजेपणा तर पट्टीला दिसतच नाही. त्यासाठी अंगणवाडीत वजन-उंची करून घ्या. उंची दोन वर्षांखाली झोपवून, पुढे उभं करून मोजतात.

पिवळा किंवा लाल आला तर सेविकेला, आशाताईंना लगेच कळवा. सॅम मूल खात नसेल, तापलेलं किंवा सुजलेलं असेल, तर थेट सरकारी दवाखाना गाठा. आकडा आणि तारीख कागदावर लिहून आईजवळ द्या. टोळी पुढच्या फडावर गेली, तर तिथल्या सेविकेला तेवढाच आधार असतो.