पर्ल छापायचं तर हात हलका हवा

तारले साफ केले की बोटांना जी चांदी चिकटते, ती नीट बघा. 17व्या शतकात पॅरिसमध्ये खोटे मोती करणाऱ्यांनी माशांच्या खवल्यांतली हीच चमक काढून काचेच्या पोकळ मण्यांत भरली. आज शाईला मोत्याची चमक द्यायला डब्यातून येणारी पर्ल पावडर मात्र माशाची नसते. ते अभ्रकाचे पातळ पापुद्रे असतात, वर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप. लेप पातळ असला तर चांदीची झाक येते. जाड होत गेला तर सोनेरी, मग लालसर, निळी, हिरवी. रंग असा कुठला घातलेलाच नसतो. लेपाच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि डोळ्याला रंग दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. तुम्ही लाखो बारीक आरसे छापताय. ते तुटता कामा नयेत आणि आडवे पडायला हवेत.

मी फोंड्यात स्क्रीन प्रिंटिंग करते, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीच्या कापडातून पट्टीनं शाई ओढून खालच्या कागदावर उतरवते. लग्नपत्रिका, काजूचे खोके, फेणीच्या बाटल्यांची लेबलं. सुरुवातीला तुटण्याचा धडा मी स्वतःच्या खर्चानं शिकले. एका पत्रिकेची शाई घाईत ड्रिल मशीनला पाती लावून घुसळली. अगदी लोण्यासारखी झाली, मी खूश. छापून वाळली तर राखाडी, मेलेली. नवरीचे बाबा पत्रिका उजेडाकडे धरून म्हणाले, "बाय, मोती खंय गेले गो?" पापुद्र्यांचा चुरा झाला होता. 200 पत्रिका रद्दीत गेल्या आणि त्या दिवसापासून ड्रिल फक्त भिंतीसाठी.

तर मिसळायचं असं. पावडर वजन करून घ्या, साधारण एक किलो पारदर्शक मिडियमला, म्हणजे रंग न घातलेल्या शाईला, 150 ग्रॅम. चमच्याच्या अंदाजानं घेतलीत तर दुसऱ्या डब्याची शेड पहिल्याशी जुळणार नाही. आधी पावडर थोड्या थिनरमध्ये भिजवून सरबरीत करा, मग मिडियम हळूहळू घाला आणि रुंद पट्टीनं हातानं फिरवा, खीर ढवळता तसं. मिडियम स्वच्छ पारदर्शक हवं. त्यात चिमूटभरही पांढरा रंग गेला तर आरशांवर चुना फासल्यासारखं होतं. रंगछटा हवीच असेल तर पारदर्शक रंग घाला, तोही थोडा. पर्ल जड असते, तळाशी बसते, म्हणून दर वीस-पंचवीस ओढींनंतर डबा पुन्हा ढवळा.

जाळीचं कापड निवडताना पावडरच्या पाकिटावरचा मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) आकडा वाचा. 10 ते 60 मायक्रॉनची पावडर चांदण्यासारखी लुकलुकते, 5 ते 25ची रेशमासारखी मऊ चमकते. जाळीचं भोक सगळ्यात मोठ्या पापुद्र्याच्या निदान दुप्पट हवं. मोठ्या पावडरला मी इंचाला 110 धाग्यांचं कापड घेते, बारकीला 195चं. बारीक अक्षरं येतात म्हणून आपण एरवी 305 लावतो, पण त्याचं भोक पन्नास मायक्रॉनच्या आत. तिथं ती चाळणी होते, पापुद्रे वर राहतात, खाली नुसतं मिडियम उतरतं. म्हणून बारीक अक्षरं पर्लमध्ये घेऊ नका. नाव साध्या शाईत, वेलबुट्टी पर्लमध्ये.

आता पार्श्वभूमी. या एका गोष्टीवर गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त वाद होतो. निळी झाक देणारी पर्ल काळ्या कागदावर छापली तर मोरपिसासारखी उठते. तीच पांढऱ्यावर छापली तर एका कोनातून निळसर, दुसऱ्या कोनातून पिवळट, आणि समोरून जवळजवळ काहीच नाही. गडद मरून, बाटलीचा हिरवा, काळा यांवर पर्ल पैसे वसूल करते. कागद कोटेड, म्हणजे वर गुळगुळीत लेप असलेला, घ्या. हातकागदासारख्या शोषून घेणाऱ्या कागदात मिडियम आत जातं आणि पापुद्रे वेडेवाकडे अडकतात. सॉल्व्हंटची शाई वाळताना त्यातला द्रव उडून जातो आणि थर आकसतो, त्या आकसण्यानं पापुद्रे दाबून आडवे पडतात, म्हणून तिची चमक चांगली. यूव्हीची, म्हणजे अतिनील उजेडाखाली सुकणारी, शाई फारशी आकसत नाही, म्हणून तिथं थोडी उणीच राहते.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी दमट की पाण्याची शाई रॅकवर दुसऱ्या दिवशीही ओलसर लागते. घाईनं थप्पी लावली तर पत्रिका एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना चमक पाठीमागच्या कागदावर निघून येते. चतुर्थीच्या कामांना मी दोन दिवस जास्तच मागते.

खोक्यांचं काम असेल तर चिकटवायची पट्टी आणि घडीची रेघ कोरी सोडा. पट्टीवर डिंक धरत नाही आणि घडीवर जाड थर तडकतो. बारकोड पर्लवर कधीच नको, स्कॅनरच्या उजेडाला चकाकी लागते आणि वाचता येत नाही. खाण्याच्या खोक्याला आतून छपाई नाही, बाहेरची शाईही आयएस 15495ला, म्हणजे खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवरच्या शाईच्या भारतीय मानकाला, धरून असलेली मागा. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचे 2018चे पॅकेजिंगचे नियम तेच सांगतात. वर मॅट लॅमिनेशन चढवलंत तर पर्लचे पैसे पाण्यात. ग्लॉस चालेल.

हजारोंच्या संख्येत ऑफसेटवर करायचं असेल तर शाईचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, आणि मोठे पापुद्रे ब्लँकेटवर, म्हणजे कागदावर शाई टेकवणाऱ्या रबरी पत्र्यावर, साचतात. तिथं मशीनच्या कोटरमधून (वॉर्निशचा थर देणाऱ्या भागातून) वॉर्निशमध्ये मिसळलेली बारीक पर्ल देणं बरं. मी असं काम ओळखीच्या ऑफसेटवाल्याला देते, नमुना मात्र स्वतः छापून पाठवते.

नमुना हा खऱ्याच कागदावर, खऱ्याच शाईचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर किंवा डिजिटल प्रिंटवर पर्ल दिसतच नाही, राखाडी डाग दिसतो. आमच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. मी गिऱ्हाइकाला त्या खिडकीशी नेते, नमुना हातात देते आणि म्हणते, आता हळू तिरका करा. मग ट्यूबलाइटखाली नेऊन तोच नमुना पुन्हा दाखवते. दोन्हीकडे बघून झालं की मागच्या बाजूला तारीख घालून सही घेते, आणि तो तुकडा माझ्याकडेच ठेवते.