वेब फिल्टर लावलाय, तरी साइट उघडतेय?

फायरवॉलवर (नेटवर्कमधून आत-बाहेर जाणारा ट्रॅफिक अडवणाऱ्या यंत्रणेवर) वेब फिल्टर लावला, नको त्या कॅटेगरी, म्हणजे साइटचे प्रकार, ब्लॉक केल्या, आणि तरीही क्रोममध्ये ती साइट आरामात उघडते. अशा वेळी कॅटेगरी पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. आधी यूडीपी ४४३, म्हणजे यूडीपी प्रोटोकॉलचा ४४३ नंबरचा पोर्ट, बघा.

आजचे ब्राउझर बऱ्याच साइटशी क्विक (QUIC) या प्रोटोकॉलने बोलतात, आणि तो वेबच्या नेहमीच्या टीसीपी प्रोटोकॉलवर नाही, यूडीपीवर चालतो. अनेक फायरवॉलचा वेब फिल्टर मात्र टीसीपी ४४३ वरचंच तपासतो, त्यामुळे क्विकचा ट्रॅफिक त्याच्या नजरेतून निसटतो. आतून बाहेर जाणाऱ्या यूडीपी ४४३ साठी ब्लॉकचा नियम करा आणि तो ‘सगळ्यांना परवानगी’ या नियमाच्या वर ठेवा. नियम वरून खाली वाचले जातात. खाली ठेवलात तर त्याच्यापर्यंत पाळीच येणार नाही. ब्राउझर आपोआप टीसीपीवर परत येतो, वापरणाऱ्याला सहसा फरक जाणवतही नाही. जुनी कनेक्शन तेवढी फायरवॉलवरून तोडा, नाहीतर नियम लागलाच नाही असं वाटेल.

डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेवर) फिल्टर करत असाल तर बाहेर जाणारे डीएनएसचे पोर्ट ५३ (साधं) आणि ८५३ (एन्क्रिप्टेड) फक्त तुमच्या डीएनएस सर्व्हरला उघडे ठेवा. एचटीटीपीएसवरून जाणारं डीएनएस साध्या ४४३ मध्येच मिसळतं, त्याची कॅटेगरी वेगळी ब्लॉक करावी लागते.

आणि कृपा करून, नवीन कॅटेगरी थेट ब्लॉक करू नका. आठवडाभर नुसतं लॉगिंग ठेवा. कुणाचं रोजचं काम अडणार आहे, ते लॉगमध्ये आधीच दिसतं.