बेकारीचा जुना आकडा कसा तपासायचा: शेफिल्डची एक गल्ली धरून

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात किती लोक बेकार होते हे शोधायला बसलात, की आधी टक्केवारी हाती लागते. ती लगेच उतरवून घेऊ नका. टक्के कोणापैकी, हे आधी बघा.

१९२० च्या कायद्यानं बहुतेक अंगमेहनतीच्या कामगारांना बेकारी विमा दिला. टक्केवारी त्या विमाधारकांची. शहराच्या पूर्वेला, अ‍ॅटरक्लिफकडे, पोलादाचे अवाढव्य कारखाने होते, युद्धनौकांचं चिलखत तिथंच तयार व्हायचं. युद्ध संपलं, १९२२ च्या वॉशिंग्टन करारानं नौदलांना लगाम घातला आणि ती मागणी आटली. तिथल्या माणसाचं काम सुटलं की तो लेबर एक्स्चेंजच्या, म्हणजे बेकारांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या, रांगेत दिसायचा, म्हणजे आकड्यातही यायचा.

शहराच्या मध्यात अरुंडेल स्ट्रीटसारख्या भागात मात्र ‘लिटल मेस्टर’, म्हणजे स्वतःच्या धंद्यावरचे छोटे कारागीर, होते. भाड्याची खोली, स्वतःची हत्यारं, सुऱ्या-कात्र्यांचं काम. जो स्वतःच्या धंद्यावर, त्याला विमा नाही. ऑर्डर आली नाही तरी तो भाडं भरत धारेच्या चाकापुढे बसून राहिला, आणि मोजणाऱ्याला दिसलाच नाही. माझे वडील लालबागला एका गिरणीत साचे चालवायचे. १९८२ च्या संपानंतर ते दारोदार उदबत्त्या विकत हिंडले. त्यांनाही कुणी बेकार म्हणून मोजलं नसेल. म्हणून हा लिटल मेस्टर मला सोडवत नाही.

तर एक गल्ली निवडा आणि १९ जून १९२१ च्या जनगणनेपासून सुरुवात करा. कोणाकडे काम करतो त्या मालकाच्या रकान्यात ‘आउट ऑफ वर्क’ आहे की ‘ओन अकाउंट’, ते टिपा. त्या दिवसांत कोळसा खाणींत टाळेबंदी होती, त्यामुळे भट्ट्यांवरची बेकारी एरवीपेक्षा जास्त दिसेल, हे शेजारी लिहून ठेवा. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत गेले. ती पोकळी केलीज डिरेक्टरीनं, म्हणजे गल्लीवार नावं-धंदे देणाऱ्या छापील पुस्तकानं, भरायची: गल्लीची पानं वर्षामागून वर्ष ताडून बघा. शेवटचं टोक म्हणजे सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच सरकारनं केलेली लोकांची नोंद. तोवर शस्त्रनिर्मितीनं कारखाने पुन्हा भरले होते.

१९३१ नंतर आकडा घसरलेला दिसला तरी काम मिळालं असं धरू नका. त्या वर्षीच्या नियमांनी कित्येक विवाहित स्त्रियांचा भत्ता बंद केला. मग नोंदणीला जाण्यात त्यांना काय अर्थ उरला? उलट, सहा दिवसांत तीन दिवस रिकामा असलेला कामगारही भत्त्याला पात्र ठरू शकायचा. म्हणजे आकड्यातला प्रत्येक जण पुरता बेकार नव्हता.

डिरेक्टरीतून एखादं नाव गेलं, तर आधी अकारविल्हे यादी उघडा. माणूस दुसऱ्या गल्लीत गेला असेल. तिथंही नसेल, तर वहीत ‘धंदा बुडाला’ असं लिहू नका. ‘१९३२ पासून नाव नाही’ एवढंच लिहा.