सेंद्रिय की रासायनिक? भाताची तुलना करताना या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या मधे आमच्या कुडाळकडे भात घरात येतं आणि वाद सुरू होतो: सेंद्रियवाल्याचं जास्त पिकलं की युरियावाल्याचं? मी एवढंच विचारतो, वजन कधी केलंत? ‘झोडलं त्याच दिवशी’ असं उत्तर आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

हे तोंडावर पडून शिकलोय. पाच-पाच गुंठ्यांचे दोन कुणगे (भाताची खाचरं), एकाखाली एक. वरच्यात युरिया, खालच्यात शेणखत आणि हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्पाचा पाला. वरचं भात कापून चार दिवस उन्हात पडलं होतं. खालचं परतीच्या पावसात कसंबसं उचललं आणि ओलंच झोडलं. काट्यावर सेंद्रिय 152 किलो, रासायनिक 149. मी वाडीभर सांगून मोकळा! काकांनी सुपातले दोन दाणे दाताखाली धरले. ‘अरे, हो दाणो वाजणा नाय. पाणी जोखलंस तू.’ अंगणात वाळवून, वारवून पुन्हा जोखलं: 138 आणि 145.

कापणीला दाण्यात 20 ते 24 टक्के ओल असते, साठवताना ती 14 वर आणावी लागते. बावीस टक्के ओलीचं 100 किलो भात वाळून 91 किलोसुद्धा भरत नाही. मी आता दोन्ही ढीग एकाच अंगणात, एकाच उन्हात वाळवतो.

बरं, ते 138 किलो तरी सेंद्रिय होतं का? दोन कुणग्यांमधल्या मेरेचं, म्हणजे बांधाचं, तोंड उघडं होतं. वर युरिया फेकला, संध्याकाळी सर आली, पाणी खाली उतरलं. माझं सेंद्रिय भात युरिया पीत होतं आणि मी गिरिपुष्पाचं कौतुक करत होतो. तेव्हापासून सेंद्रियाला वरचा कुणगा.

जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी) म्हणजे विरजण, दूध नव्हे; पिकाचं पोट भरायला नत्र लागतं. युरियाच्या 45 किलोच्या पिशवीत जवळजवळ 21 किलो नत्र असतं. शेणखतात टनाला साधारण पाच किलो, तेही सगळं पहिल्याच वर्षी लागू पडत नाही. म्हणजे एका पिशवीला निदान चार टन. गोठ्यात दोन गुरं असतील तर हा हिशोब आधी करा. बाटलीतलं काळं पाणी दाखवून ‘युरियाला पर्याय’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

पाला लावणीच्या आदल्या दिवशी चिखलात तुडवू नका, तरवा (लावलेली रोपं) पिवळा पडतो. गुंठ्याला 30 किलो फांद्या चिखलणीच्या आठवडाभर आधी पसरा. पानं गळली की काटक्या वेचा, नाहीतर त्या लावणीवाल्या बायकांच्या पायांत घुसतात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

एकीकडे वालयसारखं गावठी भात, दुसरीकडे संकरित बियाणं लावलंत, तर ती तुलना बियाण्यांची झाली.

पहिल्याच वर्षी निकाल लावू नका. पहिली पावती हातात येताच ‘सेंद्रिय परवडत नाही’ म्हणणाऱ्यांना इतकी घाई कसली असते कोण जाणे.

घरच्या बाईची बेणणी (तण काढणं) फुकट धरू नका. माझ्या वहीत आईचे दिवस लिहिलेत: सेंद्रियाला सहा, दुसऱ्याला चार. मजुरी लावली तेव्हा ती म्हणाली, ‘मगे दी माका पैसे.’