फिटनेसची मुदतवाढ: दोन्ही तारखा वाचा

फिटनेस म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला. त्याच्या मुदतवाढीच्या सरकारी आदेशात दोन तारखा असतात: कधीपासून संपलेल्या कागदपत्रांना सवलत, आणि ती कधीपर्यंत. घोळ तिथेच होतो. कोविडकाळातला शेवटचा आदेश पाहा: 1 फेब्रुवारी 2020 पासून संपलेली कागदपत्रं 31 ऑक्टोबर 2021 पर्यंतच वैध. जानेवारी 2020 मध्येच फिटनेस संपलेल्या टॅक्सीला ती सवलत नव्हती.

म्हणून पणजी असो वा मडगाव, आधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून फिटनेसची तारीख बघा, मगच आदेश वाचा. टॅक्सी-टेम्पोला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी तपासणी. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी. उशीर झाल्यास नियमानुसार दिवसाला 50 रुपये जादा.

तपासणीआधी ब्रेक, दिवे, टायर बघाच. किनाऱ्यालगतच्या गाडीची चॅसिस (खालचा सांगाडा) खालून तपासा, खाऱ्या हवेने ती आतून गंजते.